कार्ड उलटून बघा: जुन्या बेसबॉल कार्डांच्या पाठीवरच्या जाहिरातींबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या न्यू जर्सीच्या घरात बैठकीच्या भिंतीवर दोन फ्रेमा आहेत. पहिलीत जुने बेसबॉलपटू आहेत, रंगीत, छान. दुसरीत पंधरा खण. त्यातल्या अकरांत सिगारेट-तंबाखूच्या जाहिराती आणि चार रिकामे. गणपतीला येणारे पाहुणे आरती झाली, प्रसाद हातात आला की या दुसऱ्या फ्रेमसमोर थबकतात. तेच ते प्रश्न, तीच ती उत्तरं. एकदाची लिहून ठेवलेली बरी.

ही कार्डं चुकून उलटी लावली आहेत का?

नाही, मुद्दाम. माझा संग्रह पाठींचाच आहे. पुढची बाजू फ्रेमच्या आत भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

कारण सांगायचं तर गिरगावात जावं लागेल. चाळीत आम्ही पोरं सिगारेटची रिकामी पाकिटं गोळा करायचो. चारमिनारचं पाकीट पानवाल्याच्या टपरीखाली ढिगाने सापडायचं, म्हणून त्याला भाव नाही. कुणाचा मामा आखातातून आला आणि एखादं परदेशी पाकीट हाती लागलं की त्याच्या बदल्यात वीस-वीस चारमिनार मोजून घेतली जायची. पाकीट रिकामंच, किंमत फक्त छापाची. अमेरिकेत आल्यावर एका प्रदर्शनात मी शंभर वर्षांपूर्वीचं बेसबॉल कार्ड हातात घेतलं आणि टेबलामागच्या म्हाताऱ्याने पहिलं वाक्य उच्चारलं, "उलटून बघ." त्या खेळाडूचं नाव मला आता आठवत नाही. पाठ आठवते: ओल्ड मिल, काळी शाई.

सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलचं कार्ड आलंच कशाला?

आधी पुठ्ठा आला, चित्र नंतर. १८८० च्या दशकात बोन्सॅकचं सिगारेट वळण्याचं यंत्र आलं. दिवसाला लाखभराहून जास्त सिगारेटी त्यातून पडू लागल्या. माल एवढा झाला की गिऱ्हाईक शोधण्याची पाळी आली. पाकीट कागदाचं आणि मऊ, आतल्या सिगारेटी मोडायच्या, म्हणून आधाराला एक ताठ पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा? त्यावर नट्या, पक्षी, राजे, झेंडे आणि बेसबॉलपटू आले. रिचमंडच्या ॲलन अँड जिंटरने १८८७ मध्ये जगातल्या पन्नास अजिंक्यवीरांचा संच काढला, त्यात दहा बेसबॉलपटू होते. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीच्या ओल्ड जज सिगारेटींतून खेळाडूंचे तपकिरी फोटो निघाले.

मग १८९० मध्ये जेम्स ड्यूकने पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धाच संपली, तेव्हा कार्डांवरचा खर्चही गेला. जवळजवळ दोन दशकं दुष्काळ. १९०९ मध्ये याच कंपनीने पुन्हा कार्डं काढली, आणि आमचा छंद मुख्यतः त्यावरच, त्यातल्या टी२०६ नावाच्या संचावर, उभा आहे.

टी२०६ म्हणजे काय? लष्करी विमानासारखं वाटतं.

सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या सगळ्या छापील कार्डांची सूची केली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना त्याने 'टी' हे अक्षर दिलं, मिठाईच्या जुन्या कार्डांना 'ई', एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखू कार्डांना 'एन'. १९०९ ते १९११ या काळातल्या एका पांढऱ्या चौकटीच्या संचाला त्याच्या यादीत २०६ हा आकडा मिळाला. बस, एवढंच.

या संचात रूढ मोजणीप्रमाणे ५२४ कार्डं. आकार साधारण दीड इंच बाय दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच, म्हणजे काडेपेटीहून थोडं उंच. पुढे खेळाडूचं लिथो (दगडावरून छापलेलं) चित्र आणि खाली तपकिरी अक्षरांत आडनाव व शहर. ना क्रमांक, ना धावा, ना जन्मतारीख. सगळा संच जमवणारे लोक त्याला 'मॉन्स्टर' म्हणतात, कारण तो माणसाला खातो. मी त्या वाटेला गेलो नाही.

आणि पाठी किती प्रकारच्या?

इथून खरी गंमत. चित्रं न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीत छापली जायची. एकाच खेळाडूचं तेच चित्र, पण कागदाच्या मागे कधी एका छापाची (म्हणजे ब्रँडची) जाहिरात, कधी दुसऱ्या. तंबाखूची कंपनी एकच होती, पण तिच्या पोटात छाप कितीतरी. ज्या छापाच्या पाकिटात कार्ड जायचं त्याची जाहिरात पाठीवर.

पंधरा छाप सर्वमान्य आहेत. पीडमाँट, निळ्या शाईत, आणि स्वीट कॅपोरल, लाल शाईत, ही दोन म्हणजे आमची चारमिनार. ओल्ड मिल, सॉव्हरिन आणि पोलर बेअर त्यानंतर. सॉव्हरिन हिरव्या शाईत, पोलर बेअरची पाठ गडद निळी. पोलर बेअर ही सिगारेट नव्हतीच, ती सुटी तंबाखू. पुडीतला तंबाखूचा चुरा कार्डाला चिकटायचा, त्यामुळे या कार्डांवर अजूनही तपकिरी डाग दिसतात आणि मला ते डाग आवडतात. मग अमेरिकन ब्यूटी, सायकल, टॉलस्टॉय (होय, त्यांच्याच नावाने), एल प्रिन्सिपे दे गालेस म्हणजे स्पॅनिशमधले प्रिन्स ऑफ वेल्स, हिंदू, कॅरोलायना ब्राइट्स. आणि शेवटी ते चार, जे माझ्या फ्रेममध्ये नाहीत: लेनॉक्स, ब्रॉड लीफ, युझिट, ड्रम.

सोळावी पाठ टाय कॉबची. तिच्याबद्दल पुढे.

एका छापातही पोटभेद आहेत. 'बेसबॉल सिरीज' या शब्दांखाली कुठे १५० सब्जेक्ट्स, कुठे ३५०, कुठे ३५०-४६० असं लिहिलेलं असतं. १५० ही सुरुवातीची छपाई, ३५० मधली, ४६० शेवटची. पुढच्या बाजूला तारीख नाही, पण या एका आकड्यावरून कार्ड कुठल्या टप्प्यातलं ते सांगता येतं.

'हिंदू' नावाची सिगारेट? खरंच?

खरंच. मराठी घरात ही पाठ दाखवली की एकच हशा पिकतो, मग कुणीतरी गंभीर होतं. त्या काळात अमेरिकेत तुर्की तंबाखूचं वेड होतं आणि पूर्वेकडचं कुठलंही नाव दिलं की सिगारेट उंची वाटायची. हसन, मक्का, फातिमा, मोगल, मुराद ही सगळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सिगारेटींची नावं होती. त्यातलीच एक हिंदू. भारताशी तिचा संबंध इतकाच.

हिची पाठ बहुतेकदा तपकिरी शाईत सापडते. लाल शाईतली हिंदू पाठ फार दुर्मीळ, आणि भावही तसाच. माझ्याकडे तपकिरी आहे. फोनवर व्हिडिओत ती बघून आई म्हणाली, "अरे, देवघराच्या भिंतीला पाठ लावून सिगारेट?" तेव्हापासून फ्रेम समोरच्या भिंतीवर आहे.

पाठीवर तळाला 'फॅक्टरी नं. २५, सेकंड डिस्ट्रिक्ट, व्हर्जिनिया' असं काय लिहिलंय?

करखात्याची कृपा. तंबाखूवर संघीय कर होता आणि माल कुठल्या करजिल्ह्यातल्या कुठल्या कारखान्यात तयार झाला ते छापणं भाग होतं. आम्हाला त्यातून पत्ता मिळतो. फॅक्टरी २५ म्हणजे व्हर्जिनिया, ३० म्हणजे न्यूयॉर्क, ४२ म्हणजे नॉर्थ कॅरोलायना. स्वीट कॅपोरलची पाठ बघितली की नवखा माणूस म्हणतो "साधी आहे". मुरलेला माणूस आधी कारखान्याचा नंबर वाचतो. स्वीट कॅपोरलवरचा ६४९ हा नंबर ३० इतका सहज दिसत नाही. पीडमाँटसारख्या अगदी सामान्य छापातसुद्धा ३५०-४६० च्या पाठीवर फॅक्टरी ४२ असेल तर पळणारे पाय थांबतात.

एकाच खेळाडूच्या दोन कार्डांत एवढा भावाचा फरक कसा? चित्र तर तेच.

चित्र तेच, हे शंभर टक्के बरोबर. कडा गोल झालेलं, मळकं, पीडमाँट पाठीचं साध्या खेळाडूचं कार्ड आजही शंभर डॉलरांच्या आत मिळतं. त्याच खेळाडूचं, तितकंच मळकं कार्ड ड्रम किंवा ब्रॉड लीफच्या पाठीचं असेल तर किंमत कित्येक पटींनी जाते. छाप छोटा, खप कमी, कार्डं कमी छापली, त्यातली कमी उरली.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक खेळाडू प्रत्येक पाठीसोबत सापडत नाही. कोणतं चित्र कोणत्या पाठीवर छापलं गेलं याच्या याद्या लोकांनी वर्षानुवर्षं कार्डं तपासून बनवल्या आहेत. उदाहरणार्थ शेरी मगी या खेळाडूचं नाव सुरुवातीला चुकीच्या स्पेलिंगने छापलं गेलं आणि लगेच दुरुस्त झालं. ते चुकीचं कार्ड फक्त पीडमाँट १५० पाठीवरच आहे. जो डॉइलच्या कार्डावर संघाचा चुकीचा उल्लेख आला, तेही थोड्याच कार्डांवर, आणि त्यांची पाठ फक्त पीडमाँट ३५०. कुणी तुम्हाला स्वीट कॅपोरल पाठीचं चुकीचं मगी विकायला आला तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

ते टाय कॉबचं काय म्हणत होतात?

टाय कॉब हा त्या काळचा सगळ्यात मोठा, आणि बहुधा सगळ्यात तापट खेळाडू. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी, निवडलेल्या पहिल्या पाच जणांपैकी एक. त्याच्या नावाची पाइपमध्ये भरायची तंबाखू होती. टी२०६ मध्ये त्याची चार चित्रं आहेत. त्यातलं लाल पार्श्वभूमीचं चित्र आणि पाठीवर 'टाय कॉब, किंग ऑफ द स्मोकिंग टोबॅको वर्ल्ड' असं कार्ड जगात मोजकंच आहे. पुढे कॉब, मागे कॉब. हे कार्ड टी२०६ मध्ये धरायचं की वेगळं, यावर दोन तट आहेत आणि दोन्ही तटांवरची माणसं जेवणाच्या टेबलावर आवाज चढवतात.

२०१६ मध्ये दक्षिणेकडच्या एका गावात एक कुटुंब पणजी-पणजोबांचं मोडकळीला आलेलं घर आवरत होतं. जमिनीवर एक चुरगळलेली कागदी पिशवी पडली होती. ती टाकून देणारच होते, तेवढ्यात कुणीतरी आत डोकावलं. जुने कागद, पत्रं आणि तळाशी हीच कॉब पाठीची सात कार्डं. तोवर सगळ्या जगात अशी पंधराच्या आसपास माहीत होती. एका पिशवीने आकडा दीडपट केला.

मी ही गोष्ट ऐकली आणि गिरगावच्या खोलीतली माझी पाकिटांची पत्र्याची पेटी आठवली. खोली रंगवताना ती वडिलांनी भंगारवाल्याला दिली. पाच किलो भरली म्हणाले.

सगळ्यात महाग कार्ड ते वॅग्नरचं ना?

पाठींच्या पानावरही हा प्रश्न टळत नाही. होनस वॅग्नर, पिट्सबर्गच्या संघाचा शॉर्टस्टॉप (मैदानावरची एक जागा). त्याचं टी२०६ कार्ड छपाई सुरू झाल्यावर लवकरच काढून घेतलं गेलं, त्यामुळे आज साठच्या आसपासच उरली आहेत. पोरांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी घ्याव्यात हे त्याला पसंत नव्हतं असं म्हणतात. परवानगीचे पैसे मिळाले नाहीत म्हणून असंही म्हणतात. गडी स्वतः तंबाखू चघळायचा, तेव्हा तंबाखूचं वावडं होतं असं नाही.

२०२१ मध्ये एक वॅग्नर लिलावात ६६ लाख डॉलरांना गेलं, २०२२ मध्ये दुसरं खाजगी व्यवहारात ७२.५ लाखांना. दोन्हींची अवस्था यथातथाच.

सगळ्यात प्रसिद्ध मात्र ते, जे १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरांना घेतलं. कडा धारदार, रंग ताजे, कुणालाही खरं वाटू नये इतकं सुंदर. आणि ते तसंच होतं: ज्या दलालाने ते आधी विकलं होतं त्या बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं की कडा त्याने कापून नीट केल्या होत्या. त्याची पाठ पीडमाँट १५० आहे. बहुतेक वॅग्नरांची पाठ स्वीट कॅपोरलची, पीडमाँटची अगदी हातावर मोजण्याइतकी. म्हणजे जगातल्या सगळ्यात सामान्य पाठीने इथे दुर्मिळात दुर्मीळ होऊन दाखवलं. यावर मी तासभर बोलू शकतो. बायको बोलू देत नाही.

सिगारेट सोडून दुसऱ्या कशाच्या जाहिराती असायच्या?

भरपूर, आणि मला वाटतं नव्या माणसाने तिकडेच वळावं.

सगळ्यात जुन्या म्हणजे दुकानांच्या. न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या खेळाच्या सामानाच्या दुकानाने १८६९ च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज संघाचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून मागे स्वतःची जाहिरात छापली. हा पहिला उघड व्यावसायिक संघ. हेच पहिलं बेसबॉल कार्ड असं अनेकजण मानतात. म्हणजे या छंदाचा आरंभच मुळी पाठीवरच्या जाहिरातीने झाला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या एका जुन्या वस्तू विकणाऱ्या बाईंना २००८ मध्ये असं एक कार्ड डब्यात सापडलं. त्यांनी ते ऑनलाइन लिलावात दहा डॉलरांपासून लावलं. लोकांचे प्रश्न इतके यायला लागले की त्यांना शंका आली आणि त्यांनी ते काढून घेतलं. पुढच्या वर्षी ते ७५ हजारांच्या आसपास गेलं.

मिठाईची कार्डं सिगारेटच्याच काळातली. फिलाडेल्फियाची अमेरिकन कॅरमेल, लँकेस्टरची स्टँडर्ड कॅरमेल. क्रॅकर जॅक म्हणजे गुळाच्या पाकातल्या लाह्यांसारखा खाऊ. त्याच्या डब्यातून १९१४ मध्ये १४४ आणि १९१५ मध्ये १७६ कार्डं निघाली. १९१४ ची फक्त डब्यातूनच मिळायची, त्यामुळे पाकाचे डाग ठरलेले. १९१५ चा पूर्ण संच टपालाने मागवता यायचा. दोन्ही वर्षांची चित्रं सारखी दिसतात, ओळखायचं पाठीवरून: १९१५ च्या पाठीचा मजकूर पुढच्या बाजूच्या मानाने उलटा छापलेला असतो.

पण माझ्या मते सगळ्यात रसाळ प्रकरण १९१६ चं. शिकागोच्या फेलिक्स मेंडेलसनने दोनशे खेळाडूंचे काळे-पांढरे संच छापले आणि पाठ कोरी ठेवून देशभरच्या व्यापाऱ्यांना विकले. ज्याला हवं त्याने आपली जाहिरात छापून घ्यावी. आपल्याकडे दिवाळीत एकच कॅलेंडर छापून त्यावर कुणी सराफ, कुणी किराणा दुकानदार आपलं नाव टाकून घेतो, तसंच. त्यामुळे त्याच कार्डामागे कुठे स्पोर्टिंग न्यूज हे साप्ताहिक, कुठे सेंट लुइसचं फेमस अँड बार हे मोठं दुकान, कुठे गिंबेल्स, कुठे वाइल बेकिंगचा पाव, कुठे स्टँडर्ड बिस्किट. आणि त्या दोनशेंत १५१ क्रमांकावर एक तरुण डावखुरा गोलंदाज, म्हणजे पिचर: बेब रूथ, पुढे बेसबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं नाव. एका रूथची इतकी रूपं, आणि प्रत्येक रूपाचा भाव वेगळा, केवळ पाठीमुळे.

नकली कार्ड कसं ओळखायचं?

माझ्या लेनॉक्सच्या गोष्टीने सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

माझ्या फ्रेममधला लेनॉक्सचा खण तीन आठवडे भरलेला होता. एका विक्रेत्याकडून (नाव राहू द्या) रोखीने घेतलं. पुढची बाजू भिंगाखाली तपासली, उत्तम. जुना लिथो कसा दिसतो हे ज्याने मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातली जुनी लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं भिंगातून बघितली आहेत त्याला सांगायला नको. प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, एकावर एक छापलेले ठिपके, ओबडधोबड, जणू कुणी हाताने टोचलेत. आजच्या ऑफसेटमध्ये ठिपक्यांच्या नेमक्या, एकसारख्या फुलांच्या रांगा दिसतात. आणि नाव! जुन्या कार्डावर अक्षरं सलग शाईची असतात, नकलेवर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची. हे सगळं मी पाहिलं. पुढची बाजू अस्सल होती.

पाठ मात्र मी नुसत्या डोळ्यांनी पाहिली. मोह.

तीन आठवड्यांनी दुसरंच काही तपासायला अतिनील दिवा आणला आणि न्हाणीघरात अंधार करून सगळी फ्रेम खाली काढली. बाकीच्या पाठी मेल्यासारख्या काळ्या राहिल्या. लेनॉक्स निळी-पांढरी चमकली. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून मिसळायची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात सर्रास आली. १९१० चा कागद असा चमकत नाही. मग कड भिंगाखाली धरली, तेव्हा दोन थरांमधली रेघ दिसली. कुणीतरी खऱ्या पीडमाँट कार्डाची पाठ सोलून तिथे नवीन कागदाची लेनॉक्स पाठ डकवली होती. विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता.

तर क्रम असा ठेवा. आधी यादी: हे चित्र या पाठीसोबत असू शकतं का? मग भिंग, दोन्ही बाजूंना. मग कड. मग अतिनील दिवा. आकारही मोजा, पण अमेरिकन ब्यूटीची कार्डं मुळातच जरा अरुंद असतात, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका.

जुन्या वहीत चिकटवलेली कार्डं सापडली तर सोडवावीत का?

खेचून कधीही नाही. पाठ वहीलाच राहील, आणि मग तुमच्या हातात काय उरलं?

टी२०६ सारखी कार्डं साध्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून सोडवतात. शाई तेलकट असल्याने पाण्याने हलत नाही, खळ सुटते. नुसतं पाणी बहुतेकांना मान्य आहे, रसायनं नाहीत. सुटल्यावर टिपकागदात दाबून वजनाखाली वाळवायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पाऊण तास श्वास रोखून बसलो होतो. पाठ हळूहळू दिसू लागली, निळी. पीडमाँट.

कंपनीकडून तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करून घ्यावं का?

महाग असेल तर घ्यावं. पीएसए ही कंपनी १९९१ पासून आहे, एसजीसी तिच्यामागून. त्या एक ते दहा असे गुण देतात आणि डबीवरच्या चिठ्ठीत पाठीचा छापही लिहितात. पण मघाचं कापलेलं वॅग्नर हेच पीएसएने गुण दिलेलं पहिलं कार्ड होतं, हे डबीवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांना मी जरूर सांगतो. साध्या कार्डांना डबीची गरज नाही. फी कार्डाहून जास्त होते.

बेसबॉल कळलं पाहिजे का?

मला अजूनही 'इनफील्ड फ्लाय'चा नियम नीट सांगता येत नाही. चालतं.

हे सगळं बघायला कुठे जायचं?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये बर्डिकचा संग्रह आहे, तीन लाखांहून अधिक छापील तुकडे, त्यात तीसेक हजार बेसबॉल कार्डं. सगळी एकदम मांडलेली नसतात, थोडी थोडी बदलत ठेवतात. बर्डिक संधिवाताने वाकलेला होता. बोटं नीट चालत नसताना तो वर्षानुवर्षं संग्रहालयात येऊन कार्डं अल्बमांच्या पानांवर लावत बसला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. या माणसाला माझा दंडवत आहे, फक्त एकच तक्रार: त्याने कार्डं चिकटवली. म्हणजे जगातल्या एका सर्वात मोठ्या संग्रहातल्या पाठी कागदाकडे तोंड करून बसल्या.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १८८७ ते १९१४ मधली दोन हजारांवर कार्डं आहेत. ती कवी कार्ल सँडबर्गने १९५४ मध्ये दिली. घरबसल्या बघता येतात, फुकट. पुण्यात किंवा पणजीत बसून सुरुवात करायची असेल तर तिथूनच करा. आधी सहा महिने नुसतं बघा. आणि प्रत्यक्ष हाताळायचं असेल तर अमेरिकेत उन्हाळ्यात भरणारं राष्ट्रीय संग्राहक संमेलन गाठा. तिथे माझ्यासारखी माणसं कमरेत वाकून भिंगातून पुठ्ठे बघताना दिसतील.

घरात लहान मुलं असताना सिगारेटच्या जाहिराती भिंतीवर?

मुलीने सहावीत असताना हेच विचारलं. मी सांगितलं की १९११ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीची मक्तेदारी मोडून काढली आणि तिचे तुकडे केले. तिने फ्रेमकडे बघितलं, मग मला विचारलं, "आणि त्यांची कार्डं मात्र तू विकत घेतोस?" उत्तर अजून द्यायचं आहे.

मग ते चार खण कधी भरणार?

युझिटचा सौदा एकाशी चालू आहे, तो अकरा वर्षं चालू आहे. ब्रॉड लीफ एकदा पाहिलं, हातात घेतलं, परत ठेवलं, घराचा हप्ता होता. ड्रमची पाठ जांभळट शाईची, ती अजून काचेआडूनच बघितली आहे. लेनॉक्सच्या खणात मी त्या नकली पाठीचा सोललेला कागद लावणार होतो, मग रिकामाच ठेवला. गेल्या गणपतीत पुण्याहून आलेल्या काकांनी खाली वाकून सोफ्याखाली पाहिलं. त्यांना वाटलं, कार्डं निसटून पडली असतील.